चित्रकला येत नसेल तर फॅशन आणि अपरेल मर्चंडायझिंगचे शिक्षण घ्यावे का?

तुम्ही विचारले आहे की, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना आणि चित्रकलेचा गंधही नसताना फॅशन व अपरेल (तयार कपडे) मर्चंडायझिंग मॅनेजमेंटचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, त्यात नेमके काय शिकवतात, आणि त्यापेक्षा सरळ एम.बी.ए. केलेले बरे का. मी हाच विषय विद्यापीठात शिकले आणि पुढे तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर म्हणून काम केले, म्हणून या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनुभवाने देऊ शकते. थोडक्यात सांगायचे तर, चित्रकला येत नाही ही यात अडचणच नाही. मात्र कापडाचा कंटाळा असेल किंवा आकडेमोडीला हात लावायची इच्छा नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

फॅशन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर डिझायनर येतो. डिझायनर कपड्याची कल्पना करतो. ती कल्पना ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या दर्जाची आणि ठरलेल्या तारखेला हजारो नगांच्या संख्येने तयार होऊन ग्राहकाकडे पोहोचते की नाही, हे पाहण्याचे काम मर्चंडायझरचे असते. निर्यातीच्या कारखान्यात त्याच्या हाती परदेशी खरेदीदाराचा टेक पॅक येतो. त्यात कपड्याची मापे, कापडाचे वर्णन, शिवणीचे प्रकार, बटणे, लेबले, घड्या घालण्याची पद्धत, सारे लिहिलेले असते. तिथपासून माल जहाजावर चढेपर्यंत कापड गिरणी, रंगाई, नमुना विभाग, कटिंग, शिलाई, तपासणी आणि खरेदीदार या सगळ्यांशी एकाच माणसाने बोलत राहायचे असते. या कामात कागदावर आकृती सुबक येण्यापेक्षा दिलेली आकृती अचूक वाचता येणे महत्त्वाचे, आणि ते वर्षभरात शिकता येते.

अभ्यासक्रमाचा पाया म्हणजे कापडाची ओळख, आणि वाणिज्य शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यांना सर्वांत नवा वाटणारा भागही तोच. प्रयोगशाळेत आम्ही चिंधीतून एकेक धागा सुईने सोडवून ताणा (उभा धागा) कोणता आणि बाणा (आडवा धागा) कोणता हे ओळखत असू, पिक ग्लास या छोट्या भिंगाखाली एका इंचात किती धागे बसतात ते मोजत असू. धागा जाळून पाहण्याची परीक्षाही तिथेच शिकवली जाते : सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राख राहते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते, लोकर किंवा रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. कापडाचे वजन काढण्यासाठी एक गोल कटर असतो; तो बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतो. चकतीचे वजन १.६ ग्रॅम भरले तर कापड चौरस मीटरला १६० ग्रॅमचे आहे असे समजायचे. व्यवसायात यालाच जी.एस.एम. म्हणतात. दिसायला हे किरकोळ आहे, पण पुढची सगळी किंमत या आकड्यावर उभी राहते.

ती कशी, हे एका टी-शर्टवर पाहा. अंगाची लांबी ७२ सेंटिमीटर, बाहीची २२, आणि शिवण व दुमडीसाठी १० धरले की १०४ होतात. छातीची अर्धी रुंदी ५४, त्यात ४ मिळवले की ५८. पुढची आणि मागची अशा दोन बाजू असल्याने १०४ गुणिले ५८ गुणिले २, म्हणजे १२,०६४ चौरस सेंटिमीटर, अर्थात सुमारे १.२ चौरस मीटर कापड लागते. १६० जी.एस.एम.च्या हिशेबाने ते १९३ ग्रॅम होते आणि १० टक्के वाया जाणारे धरले तर २१२ ग्रॅम. आता समजा, गिरणीतून आलेले कापड १६०ऐवजी १७०चे निघाले. नगामागे १३ ग्रॅमच वाढले, पण १०,००० नगांच्या ऑर्डरवर ते १३० किलोंच्या वर जाते. किलोला ४०० रुपये भाव धरला तरी पन्नास हजारांहून अधिक रुपये केवळ कापड जाड आल्यामुळे गेले. खरेदीदाराशी किंमत तर आधीच ठरलेली असते. ही आकडेमोड शाळेतल्या गणितापलीकडची नाही, परंतु ती रोज, घाईत आणि न चुकता करावी लागते. त्यावर शिलाईची मिनिटे, बटणे-धागे-लेबले, पॅकिंग, बंदरापर्यंतची वाहतूक, बँकेचा खर्च आणि नफा चढवत कॉस्टिंग शीट पूर्ण होते. बी.कॉम.ला तुम्ही जे परिव्यय लेखांकन (कॉस्ट अकाउंटिंग) शिकलात त्याचा इथे थेट उपयोग होईल, आणि माझ्या वर्गात वाणिज्यचे विद्यार्थी या विषयात अभियंत्यांच्या बरोबरीने चालत हे मी पाहिले आहे.

दुसरा मोठा भाग तारखांचा. ऑर्डर पक्की झाली की माल निघण्याच्या तारखेपासून उलटे मोजत यायचे : शेवटची तपासणी कधी, शिलाई कधी संपली पाहिजे, कटिंग केव्हा सुरू व्हायला हवे, त्यासाठी कापड कारखान्यात केव्हा यायला हवे, आणि म्हणून रंगाचा नमुना खरेदीदाराने कोणत्या दिवसापर्यंत मंजूर केला पाहिजे. या वेळापत्रकाला टाइम अँड अॅक्शन कॅलेंडर म्हणतात. रंगाच्या या छोट्या नमुन्याला लॅब डिप म्हणतात, आणि तो पहिल्याच फेरीत मंजूर होईल असे गृहीत धरता येत नाही. कारण रंग उजेडावर अवलंबून असतो. खिडकीपाशी मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळणारा गडद निळा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जांभळट दिसू शकतो, म्हणून नमुने लाइट बॉक्समध्ये ठेवून वेगवेगळ्या दिव्यांखाली पाहावे लागतात. नमुना नामंजूर झाला की रंगाईत पुन्हा आठवडा जातो आणि तो आठवडा पुढे शिलाईच्या दिवसांतून कापला जातो. माल उशिरा निघाला तर खरेदीदार सूट मागतो, किंवा जहाजाऐवजी विमानाने पाठवा असे सांगतो आणि ते भाडे कारखान्याच्या माथी येते. विमानाचे भाडे जहाजाच्या कित्येक पट असल्यामुळे अशा एका ऑर्डरमध्ये नफा पुरता संपतो. शेवटच्या तपासणीचेही गणित ठरलेले आहे : प्रमाणित तक्त्यानुसार १०,००० नगांच्या लॉटमधून तपासणीच्या सर्वसाधारण पातळीला २०० नग उघडून पाहतात, आणि त्याच तक्त्यातल्या २.५च्या स्वीकार-मर्यादेला (ए.क्यू.एल.) त्यात मोठे दोष १०पर्यंत चालतात, ११ निघाले की लॉट परत.

इथवर मी निर्यातीबद्दल बोलले. याच नावाखाली किरकोळ विक्रीचे मर्चंडायझिंगही येते, आणि ते काम बरेच वेगळे आहे. मोठ्या दुकानसाखळीत बसलेला मर्चंडायझर पुढच्या हंगामात कोणत्या दुकानात, कोणत्या प्रकारचे, किती नग, कोणत्या किमतीला ठेवायचे हे ठरवतो. मानून चला की ४०० रुपयांना पडलेला आणि १,००० रुपये किमतीचा कुर्ता १,००० नग घेतला. कर बाजूला ठेवून, ६०० पूर्ण किमतीला गेले, ३०० सेलमध्ये निम्म्या किमतीला गेले आणि १०० पडून राहिले, तर हाती ७,५०,००० रुपये येतात आणि खरेदी वजा जाता ३,५०,००० उरतात; सगळे पूर्ण किमतीला गेले असते तर ६,००,००० उरले असते. हा फरक अनेकदा डिझाइन वाईट असल्यामुळे पडत नाही. मीडियम आणि लार्ज पंधरवड्यात संपतात, टोकाचे साइज रॅकवर राहतात, आणि गिऱ्हाईक चांगला कपडा हातात घेऊन आपल्या मापाचा नाही म्हणून परत ठेवते. कोणत्या शहरात कोणत्या मापाचे प्रमाण किती ठेवायचे, हा या शाखेतला मला सर्वांत आवडलेला विषय आहे. मुंबईत राहून काम करायचे असेल तर हीच शाखा अधिक सोयीची, कारण शॉपर्स स्टॉप आणि वेस्टसाइड-झुडिओ चालवणारी ट्रेंट यांसारख्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. निर्यातीसाठी मात्र तिरुप्पूर, बंगळुरू, दिल्लीच्या आसपासचा पट्टा, जयपूर अशा ठिकाणी जाण्याची तयारी हवी. दुकानाच्या खिडकीची मांडणी करणारे व्हिज्युअल मर्चंडायझिंग ही तिसरी गोष्ट; तिच्यात दृश्यकलेचा भाग मोठा असल्याने तुमच्या प्रश्नापुरती ती बाजूला ठेवते.

या व्यवसायाचा इतिहासही अभ्यासक्रमात मनापासून शिकावा. १९७४पासून मल्टी फायबर अरेंजमेंट या आंतरराष्ट्रीय कराराखाली विकसनशील देशांनी श्रीमंत देशांना किती कपडे निर्यात करायचे याला कोटा, म्हणजे ठरलेली मर्यादा होती. १ जानेवारी २००५ रोजी ही पद्धत संपली आणि ज्याच्याकडे कोटा त्याच्याकडे ऑर्डर हा हिशेबच गेला. खरेदीदार किंमत, दर्जा आणि वेळ पाहून देश निवडू लागले, आणि हे तिन्ही सांभाळणाऱ्या माणसाची गरज वाढली. त्याच चढाओढीची दुसरी बाजू २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे दिसली. राणा प्लाझा या इमारतीला आदल्या दिवशी तडे गेलेले दिसूनही शिलाई कामगारांना कामावर बोलावले गेले, इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे गेली. कॉस्टिंग शीटमधली शिलाईची ओळ म्हणजे कोणाची तरी मजुरी असते, आणि अशक्य तारीख कबूल करणारा मर्चंडायझर ती तारीख कोणाच्या तरी रात्रपाळीतून वसूल करत असतो. हे ज्या वर्गात सांगितले जात नाही तिथले शिक्षण मला अपुरे वाटते.

आता कुठे शिकावे याविषयी. निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) ही केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था १९८६ साली सुरू झाली. २००६च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तिचे मुंबई केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. तिथला दोन वर्षांचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट हा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुला आहे, आणि त्याच्या प्रवेशासाठी चित्रकलेची परीक्षा द्यावी लागत नाही. आकलन, भाषा, गणित, तर्क यांवर आधारित लेखी परीक्षा असते आणि पुढे मुलाखत. शुल्क सरकारी संस्था असूनही लाखांच्या घरात आहे, तेव्हा शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी आधीच करावी. मुलींसाठी एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या जुहू येथील परिसरात वस्त्रविज्ञान आणि परिधान अभिकल्पाचे (कपड्यांच्या डिझाइनचे) शिक्षण मिळते. इचलकरंजीची डी.के.टी.ई. संस्था वस्त्रोद्योगाच्या अभियांत्रिकीसाठी नावाजलेली आहे, पण ती वाट वाणिज्य पदवीधराची नाही. खासगी संस्थांच्या जाहिरातींत परदेश सहल आणि फॅशन शोची छायाचित्रे ठळक असतात. तिथे जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : कापडाची प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, विद्यार्थ्यांना कारखान्यात किती आठवडे प्रत्यक्ष राहावे लागते, आणि पदवी कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे.

एम.बी.ए.विषयी माझे मत असे की, नामवंत संस्थेत प्रवेश मिळत असेल आणि बँक, सल्ला, विपणन असे कोणतेही क्षेत्र चालणार असेल तर ते जरूर करावे. परंतु कपड्यांच्याच व्यवसायात यायचे नक्की असेल, तर साधारण संस्थेतल्या एम.बी.ए.पेक्षा हे शिक्षण उजवे ठरते, कारण मुलाखतीत तुमच्यापुढे कापडाचा तुकडा ठेवून हे काय आहे, जी.एस.एम. अंदाजे किती, किंमत कशी काढाल, असे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात मिळत नाही. निर्णय घेण्यापूर्वी परीक्षा संपल्यावर एखाद्या जवळच्या गारमेंट युनिटमध्ये महिना-दोन महिने काम मिळते का ते पाहा. सोलापूर, भिवंडी, इचलकरंजी, मुंबई या भागांत ओळखीतून अशी जागा मिळू शकते. शक्यतो ऑफिसात बसू नका, नमुना विभागात मास्टरांच्या शेजारी उभे राहा आणि एक शर्ट कापण्यापासून काज-बटणापर्यंत कसा तयार होतो ते पाहून त्याचा खर्च स्वतः मांडून पाहा.