शेजारच्या शहरांनी कंपन्यांना टॅक्समध्ये सूट देऊन खरंच रोजगार वाढतो का?

वाढतो कधीकधी, पण शेजारी एकमेकांच्याच कंपन्या ओढायला लागले की नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं बघा, एकच महानगर पण अर्धं मिसुरी राज्यात अर्धं कॅन्ससमध्ये, मधे बऱ्याच ठिकाणी नुसता एक रस्ता. कॅन्ससच्या 'पीक' स्कीममध्ये तिकडे आलेल्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेल्या राज्याच्या इन्कम टॅक्सपैकी ९५% पर्यंत रक्कम स्वतःकडे ठेवता यायची, म्हणजे टॅक्स कापला जातोय माणसाचा आणि जातोय मालकाच्या खिशात! मग काय, ऑफिसं रस्ता ओलांडून जायची, माणसं तीच, घरं तीच, आणि तिजोरीला मात्र भोक. शेवटी २०१९ मध्ये मिसुरीने कायदा केला, कॅन्ससच्या गव्हर्नर लॉरा केली यांनी आदेश काढला, की सीमेलगतच्या ठराविक काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) नुसतं इकडून तिकडे जाण्यासाठी सवलत नाही, खरोखर नवीन नोकऱ्या आणल्या तरच बोला.

माझ्या मते सहकार्य म्हणजे आधी हेच, पळवापळवी बंद. रस्ते, पाणी, ट्रेनिंग सेंटर एकत्र मिळून करायचं ते त्यानंतर. आणि सूट द्यायचीच तर नोकऱ्या दिसल्यावर द्या, शब्द पाळला नाही तर वसुलीची अट करारातच घाला, नंतर कोण दाद देतंय.