लेखाआधी थोडी पायपीट

प्रिय भाऊ,

लेख वाचला. ‘खानदेशी अस्मिता’ जागोजागी आहे. तू चिडला आहेस एवढं कळलं; कशावर, ते कळलं नाही.

बहिणाबाईंना तू अहिराणी कवयित्री करून टाकलंस. अरे, असोद्याची ती माउली, तिची बोली लेवा गणबोली, लेवा पाटीदारांची! ही चूक पुण्याच्या कुणी केली असती तर आपण खिदळलो असतो.

‘अहिराणी ही मराठीचीच बोली’ हे तर तू एका ओळीत उरकलंस. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने तिच्या 1907 च्या खंडात खानदेशीला, म्हणजे आपल्या अहिराणीलाच, भिल्ली भाषांच्या पंगतीला बसवलं. 2011 च्या जनगणनेतही ‘खानदेशी’ मराठीच्या आकड्यात धरलेली नाही. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या दर्ज्यात तुझ्या आजीच्या अहिराणी बोलण्याला वाटा आहे की नाही? तुझ्या लेखाचा खरा प्रश्न हा आहे. उत्तर ठरवून बसू नकोस. आजीजवळ बस, ती ‘चा-ची-चे’च्या जागी ‘ना-नी-नं’ कशी लावते ते ऐक, उतरवून घे. मग ग्रिअर्सनशीही भांड.

सगळ्यात खटकला तो फैजपूरचा परिच्छेद. 1936 चा डिसेंबर, अध्यक्ष नेहरू, चित्रकार नंदलाल बोस यांची बांबूची सजावट, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. हे सगळेच लिहितात. पण त्याच वेळी मनमाडहून 500 शेतकरी 200 मैलांहून जास्त चालत, वाटेतल्या गावांना किसान सभेचं म्हणणं सांगत फैजपूरला पोहोचले. ते तुझ्या लेखात कुठेत? अधिवेशनाने शेतसारा, कुळांचा खंड आणि कर्ज यांवर ठराव केला, तो मिळवून अख्खा वाच. केळी-कापसाच्या भावावर हल्ली जी भाषणं ऐकतोस ती त्याच्या शेजारी ठेव. कोणत्या मागण्या अजून तशाच आहेत, ते तुझं तुलाच दिसेल. माझ्या मते लेख इथून सुरू व्हायला हवा.

आणि हो, 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन्ही साहित्य संमेलनं भरली होती. तू गेलास एका मंडपात आणि झोडपलंस दुसऱ्याला! त्या दुसऱ्या मंडपातली भाषणं मिळव, नाहीतर तो भाग गाळ.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात आलास तर आधी कळव, मीही येतो. लेखाचे पहिले दोन परिच्छेद काढून टाक, त्यांच्यावाचून काही अडत नाही.

तुझा,
सर