पुण्यात वाईन टेस्टिंगचे छोटे वर्ग सुरू करायचे आहेत. आधी कोर्स करावा लागेल का? भांडवल किती लागेल आणि लोक येतील का?

भांडवल आणि गिऱ्हाईक बाजूला ठेवून तुम्ही आधी कोर्सचं विचारलंत, तिथेच माझी दुखरी नस दाबली गेली. याच मुद्द्यावर माझं आणि माझ्या मावसभावाचं गेली सहा वर्षं वाजलेलं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतजवळ. बाग बहुतेक थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षांची, दोन एकर वाईनची द्राक्षं. तोडणी जवळ आली की आप्पा सकाळी बागेत फिरायचे, एखादा मणी तोंडात टाकायचे, गर गिळायचे आणि बी दाताखाली फोडायचे. बी तपकिरी आणि भाजल्या दाण्यासारखं कुरकुरीत लागलं तर म्हणायचे, "लावा माणसं." हिरवं, कडवट लागलं तर आणखी चार दिवस थांबायचे. वायनरीचा माणूस रसातली साखर मोजायचं ब्रिक्स मीटर घेऊन यायचा, काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि २३ चा आकडा दिसला की खूश व्हायचा. आप्पा त्याला सांगायचे, "साखर भरली हो साहेब, पण बी कच्चंय." तो हसायचा. पण कच्च्या बियांचा तुरटपणा रेड वाईनमध्ये उतरतो आणि जिभेला ओरबाडतो, हे मला पुढे वायनरीत नोकरी करताना दहा वेळा दिसलं. गंमत म्हणजे आप्पा माळकरी. वाईनचा घोट त्यांनी जन्मात घेतलेला नाही.

आता मावसभाऊ. त्याला दादाच म्हणते. दादा तीन वर्षं लंडनला होता, तिथून डब्ल्यूएसईटी या वाईन शिकवणाऱ्या संस्थेची लेव्हल टू करून आला. मी तेव्हा नाशिकला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये पाच वर्षं काढली होती, दिवसाला दीडदोनशे लोकांना ग्लास भरून देत होते. दोघांनी मिळून पुण्यात शनिवारचे वर्ग सुरू करायचं ठरवलं. पैसे निम्मे निम्मे, शिकवणार दादा, कारण सर्टिफिकेट त्याच्याकडे. मी ग्लास पुसणार आणि बाटल्या उघडणार. हे मीच कबूल केलं होतं, तेव्हा आता तक्रार नाही. (आहे.)

तिसऱ्या शनिवारची गोष्ट. बाणेरच्या एका रेस्टॉरंटचा वरचा मजला, चौदा माणसं. पहिली वाईन नाशिकचीच सॉव्हिन्यॉं ब्लां, म्हणजे एक व्हाईट वाईन. दादाने सगळ्यांच्या हातात छापील कार्डं दिली होती, त्यावर लिहिलेलं: गूजबेरी, पॅशनफ्रूट, कापलेलं गवत. पुढच्या रांगेत एक साठीच्या काकू होत्या, मुलीने वाढदिवसाची भेट म्हणून आणलेल्या. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, हा तर पेरू! अर्धकच्चा, पानासकट तोडलेला!"

दादा गोड हसून म्हणाला, "नाही काकू, याला गूजबेरी म्हणतात."

मागून एकाने विचारलं, "गूजबेरी म्हणजे आपला आवळाच ना?" आणि दादा म्हणाला, "हो, साधारण तेच."

साधारण तेच! आवळा वेगळ्या कुळातला आणि युरोपातली ती गूजबेरी वेगळ्या कुळातली. दोघींचा संबंध फक्त इंग्रजी नावापुरता. त्यानंतर चौदाही जण त्या वाईनमध्ये आवळा शोधत बसले. तिघांना सापडलासुद्धा. आणि काकू? त्या पुढच्या चार वाईनना एक अक्षर बोलल्या नाहीत. कार्ड वाचत होत्या, वास घेत होत्या, मान डोलवत होत्या. खोलीतलं सगळ्यात तल्लख नाक दादाने एका वाक्यात बंद करून टाकलं.

आणि काकू बरोबर होत्या! या जातीच्या वाईनला पेरूचा, पॅशनफ्रूटचा वास येतो तो थायोल नावाच्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि तीच संयुगं त्या फळांतही असतात. म्हणजे पेरू ही उपमा नव्हती, काकूंनी खरोखरच ओळखलं होतं. दादाने त्यांना लंडनच्या वहीशी ताडून चूक ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला परतताना नारायणगावला मिसळ खायला थांबलो. ज्या गावाच्या परिसरात ऐंशीच्या दशकात भारतातली पहिली नाव घेण्याजोगी फसफसती वाईन तयार झाली, तिथेच आमची भागीदारी मोडली. सुरुवात पेरूवरून झाली. मग मी म्हटलं, "तुझ्या कार्डावर लिहिलंय, शिराझ ही रेड वाईन मसालेदार जेवणाबरोबर चालते. घे ही मिसळ आणि कल्पना करून बघ." तिखट तोंडात रेड वाईनचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त टोचतात, आग होते नुसती. तिखटाबरोबर शेनिन ब्लांसारखी किंचित गोडसर व्हाईट वाईन द्यावी. दादा म्हणाला, "तुला सिलॅबस माहीत नाही." मी म्हटलं, "तुझ्या सिलॅबसला मिसळ माहीत नाही." शेवटी तो जे बोलला ते मला अजून टोचतं: "लोक धडा घ्यायला पैसे देत नाहीत गं, संध्याकाळ घालवायला देतात. तू मास्तरीण होशील, धंदा नाही करणार."

आता तुमच्या कोर्सचं. लेव्हल टूची परीक्षा म्हणजे एका तासात ५० बहुपर्यायी प्रश्न. चव घेऊन दाखवायची परीक्षा त्यात नाहीच, ती लेव्हल थ्रीला येते, तिथे दोन वाईन लेबल न बघता चाखून त्यांचं वर्णन लिहावं लागतं. तेव्हा कोणी लेव्हल टूचा बिल्ला लावून तुम्हाला पेरूऐवजी गूजबेरी म्हणायला लावलं तर घाबरू नका. कोर्स करा, जरूर करा, देश, जाती, हवामान यांची घडी बसते. पण वर्गात ते शब्द जसेच्या तसे ओतू नका. मराठी माणसाकडे तुरट हा शब्द आहे, जन्मापासून. जांभूळ, कच्चं केळं, सुपारी, हिरडा, सगळ्यांनी चाखलेलं असतं. वाईनला तुरटपणा देणारं टॅनिन म्हणजे काय हे समजवायला इंग्रजी पुस्तकं परिच्छेद खर्च करतात, आपल्याकडे एका शब्दात काम होतं.

मी आता काय करते ते सांगते. बाटली उघडायच्या आधी प्रत्येकाला दोन कप. एकात दहा मिनिटं उकळलेला बिनसाखरेचा कोरा चहा: हा तुरटपणा, दातांच्या हिरड्यांवर कुठे बसतो बघा. दुसऱ्यात लिंबूपाणी: गिळल्यावर गालांच्या आतून लाळ सुटते, ती जितकी जास्त तितका आंबटपणा जास्त. मग त्याच लिंबूपाण्यात साखर घालायला सांगते. लिंबू तेवढंच आहे, तरी आंबट कमी लागतं. बस, निम्मा वर्ग झाला. पुढे शिराझमध्ये मिरी आणि कॅबरने या दुसऱ्या रेड वाईनमध्ये ढोबळी मिरची ते स्वतःच शोधतात. मी लेबलं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. दादा प्रत्येक वर्गात १९७६ ची पॅरिसची ती प्रसिद्ध गोष्ट सांगायचा, कॅलिफोर्नियाच्या वाईननी फ्रेंचांना फ्रेंच परीक्षकांकडूनच हरवलं ती. ती चाचणी भरवणारा स्टीव्हन स्परियर पॅरिसमध्ये वाईन शिकवण्याचे वर्गच चालवायचा. पण गोष्टीतली मेख अशी की लेबलं झाकलेली होती. आणि दादा मात्र लेबल दाखवून, किंमत सांगून मग ओतायचा!

बारीकसारीक गोष्टी, ज्या कोर्समध्ये कोणी सांगत नाही. संध्याकाळी सात वाजता रेस्टॉरंटचा मालक गल्ल्यासमोर उदबत्ती लावतो. त्याला आधीच हात जोडून सांगा, नाहीतर सगळ्या वाईनना चंदनाचा वास. मोगऱ्याचा गजरा घालून आलेल्या बाईला गजरा काढा म्हणता येत नाही, खिडकीजवळ बसवा. रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी हे वाक्य पुण्याच्या एप्रिलसाठी लिहिलेलं नाही, फ्रीजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंशांवर आणा. आणि थुंकायला भांडी ठेवाच. आमच्या जिन्यात 'येथे थुंकू नये' अशी पाटी होती आणि वर मी पितळी तस्त मांडून ठेवलेलं. पहिल्यांदा सगळे लाजतात. आधी तुम्ही स्वतः थुंकून दाखवा. पाच वाईन गिळणाऱ्याला पाचवीची चव कळत नाही.

कायद्याचं: परवाना असलेल्या जागेतच करा, म्हणजे रेस्टॉरंट किंवा वायनरी. घरी किंवा भाड्याच्या हॉलमध्ये पैसे घेऊन वाईन द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना काढावा लागतो. नवख्याने त्यात पडू नये. वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र बघा, ओशाळू नका. २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या तारखा कॅलेंडरवर आधी लाल करून ठेवा. मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे, तेव्हा पोस्टर टाकताना वर्गाबद्दल लिहा, बाटलीचे फोटो नकोत. आणि कृपा करून 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे सांगत फिरू नका. २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा हे वाक्य घरोघरी ऐकलं, तो निर्णय काही अमलात आला नाही. वाईनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, दारूच आहे. बागायतदाराची मुलगी असून सांगते. हृदयाला चांगली वगैरे सांगून जो गिऱ्हाईक आणतो त्याने औषधाचं दुकान काढावं.

हिशेब माझा असा. ७५० मिलिची बाटली, प्रत्येकी ५० मिलि, म्हणजे कागदावर पंधरा आणि प्रत्यक्षात चौदा ग्लास. बारा जण, पाच वाईन, पाच बाटल्या. रेस्टॉरंटच्या दराने वाईनचे १० ते ११ हजार होतात, खाण्याचे साधारण ५ हजार. माणशी १,८०० घेतले तर साडेपाच ते साडेसहा हजार उरतात, दोघं आयत्या वेळी आले नाहीत तर दोन-तीन हजारच उरतात. म्हणून पैसे आधी घ्या. महिन्यात दोन वर्ग होतात माझे. पोट यावर नाही, सोमवार ते शुक्रवार मी नोकरीच करते, हे आधी सांगायला हवं होतं.

आणि हेही सांगायला हवं: दादाचे कार्यक्रम जोरात चालतात. चाळीस माणसं, गिटारवाला, चीजचे ताट, माणशी ३,५०० रुपये. महिन्याला माझ्या वर्षाएवढं कमावतो. म्हणजे धंद्याबद्दल तो नारायणगावला जे बोलला ते बहुधा खरं होतं. पेरूबद्दल नव्हतं. तुम्हाला यातलं कुठलं करायचंय ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही.

भांडवलात वाईनपेक्षा आधी ग्लास धरा, माणशी तीन तरी हवेत, एकसारखे, पातळ काठाचे, वर निमुळते. आम्ही छत्तीस घेतले होते, निम्मे माझ्या पैशाने. भागीदारी मोडली तेव्हा ते दादाच्या गाडीत होते आणि अजून त्याच्याकडेच आहेत. सत्तावीसेक उरले असतील.