पहिलीच केस घेतेयस, तर एवढं सांभाळ

नशेच्या गुन्ह्यात कोर्टाची केस चालू असलेल्या बाईला सावरायचं काम पहिल्यांदाच तुझ्याकडे आलंय, घाबरलीस ते ठीकच आहे. कायद्याची जाड पुस्तकं तूर्त बाजूला ठेव.

पहिल्याच भेटीत "नशा सुटली का?" विचारू नकोस. मुलं कुणाकडे आहेत, घरात नशेची पुडी कोण आणतं, ते हळूहळू काढून घे. पुष्कळदा आणणारा नवराच असतो. तो शेजारी बसलेला असेल तर ती खरं बोलणारच नाही, म्हणून तिला एकटीला भेट.

कोर्टाची तारीख, कोर्टाच्या वतीनं देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याची भेट, व्यसनमुक्ती केंद्राची वेळ एकाच कागदावर लिहून दे. तारीख चुकते ती बहुधा मस्तीनं नाही, बसभाडं नसतं म्हणून.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- "कोर्टाला कळू देणार नाही" असा शब्द देतात. अहवालात काय जातं ते आधीच सांग.
- पुन्हा नशा केली की ओरडतात. मग ती लपवते. गर्दसारखी (हेरॉइनचा प्रकार) नशा काही आठवडे बंद राहिली की शरीराची ती झेपण्याची सवय मोडते आणि जुनंच प्रमाण जिवावर बेततं.

एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम ३९, म्हणजे उपचारासाठी सुटका, नंतर समजावते. १४४४६ हा नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर मात्र आजच पाठ कर.