स्नोमोबाईलचा दम कुठे गेला?

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीचे आहेत: मशीन चालू होतं, आवाजही करतं, पण ओढत नाही. जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक), पिस्टन वगैरे बदलायच्या आधी कृपा करून एक काम करा. मोकळ्या, सपाट जागी काही सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा कुठवर जातो ते लिहून ठेवा. काटा पूर्ण जात असेल, तर बहुतेक वेळा इंजिन ताकद देतंय आणि ती बर्फावर फिरणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत गळतेय. काटाच चढत नसेल, तर इंजिनकडे वळा.

प्रश्न : दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मशीन आहे. गेल्या हिवाळ्यात ताशी ११० किलोमीटर सहज गाठायचं, आता ८५च्या पुढे जात नाही. काटा मात्र पूर्वीसारखाच ८०००वर जातो. मेकॅनिक इंजिन उघडू या म्हणतो. उघडू का? (बॅरी, ऑन्टारिओ)

नको. तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. ८००० फेरे होतायत म्हणजे इंजिन आपलं काम करतंय. आधी बेल्ट काढा (बर्फावरचा पट्टा नव्हे, पुढच्या आणि मागच्या क्लचवरून फिरत इंजिनाची ताकद पुढे नेणारा). त्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्यात का, एखादी जागा जळून खोलगट झालीय का, ते बघा. मग रुंदी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. फरक एकदोन मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका, कॅलिपर वापरा. बेल्ट झिजला की पुढच्या क्लचमध्ये पूर्ण वर चढत नाही आणि वरचा गिअर मिळतच नाही.

बेल्ट नवा असेल, तर दोनतीन किलोमीटर चालवून या, इंजिन बंद करा, झाकण काढा आणि हात आधी क्लचच्या जवळ नेऊन बघा. हात जवळ ठेववत नाही इतका एखादा क्लच तापला असेल, तर बेल्ट तिथे घसरतोय. स्प्रिंग थकलीय, रोलर झिजलेत किंवा दोन्ही क्लच एका रेषेत नाहीत. शेवटी मशीनचा मागचा भाग स्टँडवर उचला, इंजिन बंद ठेवून पट्टा हाताने फिरवा. जड फिरला, तर ब्रेक घासतोय, बेअरिंग गेलंय किंवा पट्टा जास्त ताणलाय. इंजिन चालू ठेवून पट्टा फिरवायची वेळ आलीच, तर मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. पट्ट्यातून सुटलेला बर्फाचा तुकडा दगडासारखा लागतो.

प्रश्न : गुलमर्गला भाड्याने घेतलेलं मशीन चढावर अगदी मरगळलेलं होतं. आम्हाला खराब मशीन दिलं का? (पुणे)

तसं लगेच म्हणता येणार नाही. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे जवळपास पाव ताकद हवेनेच खाल्ली. त्यात कार्बुरेटरचे जेट सखल भागातले असतील, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, प्लग काळे पडतात.

उलटी चूक मात्र महागात पडते. उंचीसाठी बारीक जेट बसवलेलं मशीन तसंच खाली आणून कडाक्याच्या थंडीत पळवलं, तर पेट्रोल कमी पडतं. शून्यापेक्षा उणे २० अंशांची हवा सुमारे ८ टक्के दाट असते. प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं, तर तिथेच थांबा. पुढची पायरी पिस्टन जाम होण्याची असते.

प्रश्न : दहा मिनिटं उत्तम चालतं, मग दम जातो. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. (डुलुथ, मिनेसोटा)

पुढच्या वेळी दम गेला, की पहिल्यांदा पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज होऊन मशीन सुधारलं, तर टाकीत हवा घेणारी नळी दुमडलीय किंवा तिच्यात बर्फ धरलाय. आवाज आला नाही, तर फिल्टर बघा आणि पेट्रोल पंपाला क्रँककेसमधून दाब देणारी रबरी नळी दोन बोटांत वाकवून बघा. थंडीने कडक झालेल्या नळीची चीर वाकवल्याशिवाय दिसत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: हे तळ्याच्या नितळ बर्फावर होतं का? पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे रेडिएटर सीटखालच्या बोगद्यात असतात आणि पट्ट्याने उडवलेल्या भुसभुशीत बर्फानेच ते गार राहतात. कडक बर्फावर काही उडतच नाही. इंजिन तापतं आणि नवी मशीनं स्वतःच ताकद कमी करतात. बर्फ ओरखडणारे स्क्रॅचर लावून घ्या.

प्रश्न : कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तेव्हाचा दाब) एका सिलिंडरला १२० पीएसआय, दुसऱ्याला ९५. हा मोसम निभेल का? (एडमंटन)

आधी मोजणी नीट झाली का ते बघा. इंजिन कोमट, दोन्ही प्लग बाहेर, त्यांच्या वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आकडा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. तरीही एवढाच फरक आला, तर मशीन चालवू नका. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत चालत नाही, तुमची २० टक्के आहे. एक्झॉस्ट काढून टॉर्चने आत बघा, पिस्टनवर उभे ओरखडे दिसतील.

आणि माझी कळकळीची विनंती, नुसता पिस्टन बदलून मोकळे होऊ नका. तो का गेला ते शोधा. कार्बुरेटरच्या रबरी बुटाला चीर किंवा क्रँकचं सील गळकं असेल, तर त्या एकाच सिलिंडरला जादा हवा मिळते, आणि नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. थ्रॉटल सोडल्यावर फेरे पटकन खाली येत नसतील, तर ही गळती असण्याचा संशय पक्का समजा. इंजिनाची भोकं बंद करून थोडा हवेचा दाब भरा आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जागा दाखवतात.

प्रश्न : उन्हाळाभर शेडमध्ये होतं. आता ६०००च्या वर फेरेच होत नाहीत. (सडबरी, ऑन्टारिओ)

आधी एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाला हवा देणारा डबा, उघडा. उंदरांना ती जागा फार आवडते, सीटमधला फोम कुरतडून तिथे घरटं करतात. सायलेन्सरचं तोंडही बघा.

ते साफ असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढा. ज्यांनी टू-स्ट्रोक चेतक चालवलीय त्यांना सायलेन्सरमध्ये काजळी बसली की स्कूटर कशी गुदमरायची ते आठवत असेल. तीच चिकट काजळी इथे व्हॉल्व्हच्या पात्याला धरते, पातं खालीच अडकतं आणि वरच्या फेऱ्यांना धूर बाहेर पडायला वाट उरत नाही. पातं बोटाने सहज सरकलं पाहिजे. कार्बन क्लीनरने धुवा, आतला रबरी पडदा फाटलाय का बघा आणि नवं गॅस्केट लावून बसवा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. आणि चाचणीसाठी मशीन सुरू करताना शेडचं दार बंद ठेवू नका, बाहेर उणे ३० असलं तरी मशीन अंगणात ढकलून न्या.