सोशिक नको, भाषणबाजही नको: मग या वाचा

कोथरूडच्या तुमच्या वाचनगटाला २००० नंतरच्या कादंबऱ्या हव्यात, आणि नायिका सोसत बसणारी नको, पानोपानी भाषणं ठोकणारीही नको. माझी कसोटी साधी आहे. बाई चुकते, अन्याय करते, तेव्हा लेखक तिचं वकीलपत्र घेतो का? घेत असेल तर पुस्तक मिटावं.

या कसोटीवर माझ्या लेखी पहिला नंबर मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’चा (२००५). मीराचं लग्न मोडलंय. ती हुशार आहे आणि ते तिला पुरतं ठाऊक आहे. पुरुष, शरीर, एकटेपण यांवर ती इतकं सडेतोड बोलते की गटातल्या निम्म्या जणी भारावतील आणि उरलेल्या वैतागतील. मीही मध्ये मध्ये वैतागलो. पण दुसऱ्याला सोलून काढणारी मीरा स्वतःलाही सोडत नाही, म्हणून पुस्तक हातातून सुटत नाही. ‘बोल्ड’ असा शिक्का मारून लोक मोकळे झाले, पण खरा ऐवज तिच्या भाषेत आहे: लांबलचक, खवचट, मध्येच हळवी होणारी. घाईत वाचू नका.

कविता महाजनांची ‘ब्र’ही २००५चीच. संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना भेटत फिरते. पंचायतीत महिलांना आरक्षण देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीने बाईला खुर्ची दिली, पण गावाने बसू दिलं का, हे यात तपशिलात कळतं. त्या सरपंच बायांसमोर प्रफुल्लाचं शहाणपण कसं तोकडं पडतं, ते मला जास्त मोलाचं वाटलं. महाजनांचीच एचआयव्हीवरची ‘भिन्न’ (२००७) याहून अंगावर येते. गटातल्या सगळ्यांची तयारी असेल तरच घ्या.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) तर आपल्या पुण्यातलीच. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ-बहीण दोघंही जीव लावतात. चर्चा नेहमी भावावर, तनयवर होते. तुम्ही बहिणीच्या, अनुजाच्या भागावर बोला. त्या तरुणाबरोबर निघून गेलेली, एकटी परत आलेली ही मुलगी दयेला जागाच देत नाही. शिवाय पुस्तक छोटं, एका रविवारी संपतं. (पहिल्या बैठकीला हेच घ्या, गळती कमी होते.)

हिंदी चालत असेल तर गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’. ऐंशी वर्षांची अम्मा भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, आणि पुढे थेट पाकिस्तानची सीमा ओलांडते. २०२२चं आंतरराष्ट्रीय बुकर इंग्रजी अनुवादाला मिळालं, पण तुम्ही मूळच वाचा. सुरुवातीला रेंगाळते, शंभरेक पानं दम धरा.

‘पुरस्कारप्राप्त’ची पट्टी बघून मात्र निवडू नका. आधी अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा. जी प्रत मिळणार नाही तिच्यासाठी नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आहेच.