‘हातिम’ ही मालिका आज मुलाला दाखवावी का?

लहानपणी आवडलेली ‘हातिम’ ही मालिका दहा वर्षांच्या मुलाला आज दाखवली तर त्याला ती आवडेल का, की ती केवळ आपल्या आठवणीतच चांगली उरली आहे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर, दाखवा. मात्र हे उत्तर देणारा माणूस तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या मालिकेवरून माझे आणि माझ्या चुलतभावाचे जे बिनसले, ते वीस वर्षे उलटून गेली तरी पुरते मिटलेले नाही.

२००३ च्या डिसेंबरअखेरीस स्टार प्लसवर ही मालिका सुरू झाली, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. फोंडा तालुक्यातील आमच्या वाड्यावर केबल फक्त काकांच्या घरी होती, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ मुले त्यांच्या चौकीवर जाऊन बसायचो आणि रिमोट अर्थातच दादाच्या, म्हणजे त्या चुलतभावाच्या, हातात असायचा. पहिल्याच दिवशी आजी डोकावली, हातिमला सात प्रश्नांची उत्तरे शोधायची आहेत हे ऐकून क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हो आमचोच हातिमताई.” आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि वाचणे मराठीत, त्यामुळे हातिमताईची जुनी मराठी पोथीवजा पुस्तके तिने पोर्तुगीज अमदानीत लहानपणीच वाचलेली होती. त्या पुस्तकांतला हातिम कसा होता, हे तिने आम्हाला पुढच्या काही शुक्रवारी जाहिराती लागल्या की तुकड्यातुकड्यांनी सांगितले. दादाने ते कधी ऐकले नाही. तो जाहिरातींतही आवाज मोठा ठेवायचा.

दादाला मालिकेतला दुष्ट जादूगार दज्जाल आवडायचा. यात गैर काहीच नव्हते, कारण दज्जालचे काम करणारे निर्मल पांडे हे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले नट होते आणि त्या भपकेबाज पोशाखाच्या आत खरा अभिनय करणारा माणूस आहे, हे आम्हा पोरांनाही कळत होते. हातिम झालेला राहिल आझम देखणा होता, सरळ होता, आणि होबो झालेला किकू शारदा हसवायचा. पण दज्जाल पडद्यावर आला की चौकीवरची कुजबुज थांबायची. यावरून दादाने एक सिद्धान्त काढला होता, तो असा की गोष्ट ही दुष्टाचीच असते, नायक केवळ शेवटी तलवार चालवायला लागतो. पंधराव्या वर्षी त्याने काढलेला हा सिद्धान्त तो आजही मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो.

पुढच्या वर्षी मालिकेचा शेवट ऐन दिवाळीच्या दिवसांत येणार होता. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की आमच्याकडे नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांतून नरकासुराच्या प्रतिमा फिरवतात, त्यांच्या स्पर्धा भरतात आणि पहाटे त्या जाळून मग घरोघर अभ्यंगस्नान, कारीट फोडणे आणि फोव (पोहे) खाणे होते. बाजारात नरकासुराचे मुखवटे टांगलेले असतात. कृष्णाचा मुखवटा मला तरी तेव्हा फोंड्याच्या बाजारात कुठल्याच दुकानात मिळाला नाही.

दादाने जाहीर केले की यंदाचा नरकासुर दज्जाल असेल. बांबू आणि लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यात सुके गवत आणि वर मैद्याच्या खळीने चिकटवलेली वर्तमानपत्रे, हे नेहमीप्रमाणेच होते. परंतु त्याचा झगा दादाने मोडक्या छत्र्यांच्या काळ्या कापडाचा केला. पावसाळा नुकताच संपला होता, घरोघरी काड्या मोडलेल्या छत्र्या पडून होत्या आणि आम्ही अकरा छत्र्या गोळा केल्या. काकीने त्या उसवून दिल्या, त्यांचे त्रिकोणी तुकडे दादाने दाभणाने एकत्र टाचले आणि वारा आला की तो झगा वटवाघळासारखा फडफडायचा. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या रात्रीच्या कामात त्याहून सुंदर काही नव्हते. (पुढे भागवतात वाचले की नरकासुराने वरुणाचे छत्रच पळवले होते. त्यामुळे छत्र्यांचा झगा नकळत का होईना, पण शास्त्राला धरूनच होता.)

मी म्हणालो की मग कृष्णही नीट झाला पाहिजे. दादा हसला आणि म्हणाला, “कृष्णाक कोण पळयता?” म्हणजे कृष्णाला बघतो कोण?

त्या रात्री मी गोठ्याच्या पडवीत एकट्याने कृष्ण केला. तारेचा सांगाडा, नारळाच्या सोडणांवर कागद चिकटवून केलेले तोंड, सुदर्शन म्हणून जुन्या सायकलीच्या चाकाची रिंग. निळा रंग मिळेना, तेव्हा आईने धुण्याची नीळ चुन्यात कालवून दिली. ओली असताना ती गडद दिसली आणि सुकल्यावर कृष्ण इतका फिकट झाला की तो आजारी वाटावा. तरीही तो माझ्या खांद्याएवढा उंच होता आणि त्याची मान मी किंचित तिरकी ठेवली होती, हातिम कोणाचे म्हणणे ऐकून घेताना ठेवायचा तशी.

मध्यरात्रीनंतर टेम्पो आला. दज्जाल आडवा घातला, त्याच्याभोवती पोरे बसली आणि कृष्णाला जागा उरली नाही. जागा करता आली असती. दादाने कृष्णाला उचलून विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवले आणि गाडी सुरू करायला सांगितले. स्पर्धेच्या ठिकाणी एका वयस्कर परीक्षकांनी वही उघडून पहिलाच प्रश्न विचारला, “कृष्ण कुठे आहे?” तेव्हा दादाने घाईघाईने त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीच्या केसांत मोरपीस खोचले आणि तिला पुढे उभे केले, ती झोपेत होती आणि त्या अवाढव्य दज्जालकडे वर पाहून रडू लागली. आम्हाला बक्षीस मिळाले नाही. दज्जालच्या डोळ्यांतला एक बल्ब ऐनवेळी लागला नाही म्हणून बक्षीस हुकले, असे दादाचे म्हणणे आहे. माझे म्हणणे काय असेल, ते आपल्या लक्षात आलेच असेल.

पहाटे आम्ही दज्जालला जाळले. छत्र्यांचे कापड पेटले नाही, ते वितळून ठिबकू लागले आणि त्याचा दर्प अभ्यंगाच्या तेलानेही गेला नाही. मालिकेतला दज्जाल तेव्हा अजून मेलेला नव्हता. शेवटचा भाग त्यानंतर आला आणि मी तो पाहिला नाही, कारण दादाशी कडाक्याचे भांडण करून मी काकांच्या घरी पाऊल ठेवणार नाही असे जाहीर केले होते आणि त्या वयात माणूस आपला शब्द पाळतो. सत्तेचाळीस भागांपैकी सेहेचाळीस पाहून शेवटचा सोडलेला दुसरा कोणी आपल्याला भेटला तर मला जरूर कळवा.

तो भाग मी गेल्या वर्षी मोबाईलवर पाहिला, आणि त्यासाठी सगळी मालिका पहिल्यापासून पुन्हा पाहिली. आपल्या प्रश्नाला मी जे काही उत्तर देऊ शकतो, ते त्या बळावर. संगणकावर केलेली दृश्ये आज केविलवाणी दिसतात. राक्षस आणि राजवाडे एकमेकांवर चिकटवलेले आहेत हे दहा वर्षांचे मूल पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल आणि हसेल. त्याला हसू द्या. पण प्रश्नांची चौकट अजून पक्की आहे. यमनचा राजपुत्र हातिम ज्या संकटासाठी घर सोडतो, ते त्याच्या राज्यावर आलेले नसतेच. ते दुसऱ्यांचे असते. वाटेत भेटेल त्याची अडचण तो आधी सोडवतो आणि मग प्रश्नाचे उत्तर त्याच्या हाती लागते. दज्जाल बहुतांश वेळ आपल्या महालात बसून फर्माने सोडतो. पायी चालतो तो हातिम, आणि गोष्ट त्याच्या पायांनी पुढे सरकते.

दादाचा सिद्धान्त इथेच कोसळतो, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितले आहे. मूळ किश्श्यात दज्जाल नाहीच. तिथे मुनीर शामी नावाचा एक राजपुत्र हुस्नबानूच्या प्रेमात पडलेला आहे, तिच्या सात प्रश्नांनी हतबल झाला आहे, आणि त्याच्यासाठी हातिम ते सातही प्रश्न अंगावर घेतो. लग्न व्हायचे ते मुनीर शामीचे. ‘नेकी कर आणि दर्यात टाक’ हे त्यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे सूत्र. वाटेत एका हरिणीला वाचवण्यासाठी तो लांडग्याला स्वतःच्या मांडीचे मांस कापून देतो. आपल्याला शिबी राजा आठवेल, आजीलाही तोच आठवला होता. हा किस्सा कुठल्याही महादुष्टाशिवाय फारसीतून उर्दूत, पुढे मराठीत आणि तिथून पोर्तुगीजांच्या राज्यातल्या एका मुलीपर्यंत पोहोचला. सागर आर्ट्सला, म्हणजे ‘रामायण’ काढणाऱ्या सागरांच्या संस्थेला, टीव्हीसाठी रावणासारखे काहीतरी हवे होते म्हणून त्यांनी दज्जाल घातला असावा, असा माझा अंदाज आहे. चांगला घातला, पण तो फोडणीपुरता होता.

भागवतातला नरकासुर काढून पाहिला तरी तेच. कृष्णाचे त्याच्याशी घरगुती वैर नाही. अदितीची कुंडले आणि वरुणाचे छत्र पळवल्याची तक्रार घेऊन इंद्र येतो आणि कृष्ण दुसऱ्यांच्या कामासाठी बाहेर पडतो. आमच्या वाड्यावर मात्र वर्गणी गोळा होते ती नरकासुरासाठी.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. मालिकेची हिंदी उर्दूकडे झुकलेली आहे, त्यामुळे मुलाला मधूनमधून अर्थ सांगावा लागेल. काही भाग नुसते लांबवलेले आहेत; ते गाळले तर काही बिघडत नाही. स्त्रीपात्रांना संकटात सापडण्याखेरीज फारसे काम नाही आणि आपल्याला मुलगी असती तर मी इतक्या ठामपणे ‘दाखवा’ म्हटले नसते. लहान मूल दज्जालला घाबरू शकते, माझी चुलतबहीण तर पुतळ्याला घाबरली होती. आणि इतिहासातला हातिम यमनचा राजपुत्र नव्हता. तो सहाव्या शतकातला, ताय्यी टोळीतला अरब कवी, दानशूरपणासाठी नावाजलेला. मुलाने विचारले तर खरे तेच सांगा.

एक विनंती आहे. मुलाने ‘दज्जालच भारी’ असे म्हटले तर त्याला खोडून काढू नका, पण प्रत्येक भागानंतर ‘आज हातिमने कोणाचे काम केले?’ एवढे विचारा. माझ्या दादाला हे कोणी विचारले नाही, आणि आता तो स्वतः आमच्या वाड्याच्या नरकासुर मंडळाचा कर्ताधर्ता आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या नरकासुराची मान मोटारीवर फिरत होती आणि दोन्ही डोळे लागत होते. वर्गणी मी पाठवली, ती कृष्णाच्या नावाने पाठवली आणि तसे लिहूनही दिले. दादाने फोटो पाठवला. त्यात कृष्ण म्हणून माझा पाच वर्षांचा पुतण्या होता, डोक्याला मोरपीस बांधलेला, आणि नरकासुराच्या पायाला टेकून तो गाढ झोपला होता.